गाडी लागण्याची गोळी

केमोला दाद न देणारी इंदुमती खोतांची गाठ आता प्रयोगशाळेतही जगत होती. तिच्या पेशींच्या हजारो थेंबांत जगातलं एकेक जुनं औषध केमोसोबत घालून पाहिलं जात होतं. पडद्यावर जिवंत पेशींचे सगळे थेंब लाल चमकत होते. इंदुमतींच्या डोळ्यांदेखत त्यातला एक हळूहळू विझला.

"कुठलं औषध हे?" त्यांनी घाबरतच विचारलं.

"घाटात गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "तिनं गाठीची दारं उघडली, म्हणून केमो आत शिरली."

"अगं बाई! ही तर मी पोरांना कुंभार्ली घाटात द्यायचे!"

केमोसोबत तीच गोळी इंदुमतींना सुरू झाली. दिवाळीनंतरच्या स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ मसुरीएवढी उरली होती.

"डॉक्टर, बघा ना," इंदुमती कुजबुजल्या.

डॉक्टरही बघतच राहिल्या होत्या.