अस्सल आणि नक्कल

दुसऱ्या मडगार्डची भोकंही चेसीच्या भोकांवर येईनात. पहिल्यासारखीच, बरोबर बोटभर मागं राहिली.

"मी म्हटलंच होतं," केशवराव म्हणाले. "कंपनीचा नाही म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं? शेवटी नक्कल ती नक्कल."

"सर, शहागंजात अस्सल फक्त माझा चहा," गॅरेजवाला कमरोद्दीन म्हणाला. "तो घ्या, अन् घडीभर बसा निवांत."

केशवराव स्टुलावर बसले. मांडीवर कागदांची फाइल होती. चार वाजता मोटारसायकलचं गिऱ्हाईक येणार होतं आणि मागचा मडगार्ड नसलेली गाडी घ्यायला ते तयार नव्हतं. केशवरावांना किमतीशी कर्तव्य नव्हतं. पुंडलिकनगरातल्या आपल्या दारातून ती गाडी नाहीशी व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. दीड वर्षापूर्वी सिल्लोडहून परतताना तिच्यावरून पडून त्यांची पत्नी दमयंती गेली होती. गाडी त्यांची मुलगी उमा चालवत होती.

फाइलमध्ये पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल होती. केशवरावांना ती मुखोद्गत होती; मघाशी कमरोद्दीनलाही त्यांनी ती ऐकवली होती. चालकाचा निष्काळजीपणा, भरधाव वेग, वळणावर वाहन घसरून डाव्या कुशीवर पडले, प्रत्यक्ष साक्षीदार : निरंक. सरकारी मराठी सहसा इतकी नेटकी नसते. गाडी पोलिस ठाण्याच्या आवारातून सुटून घरी आली तेव्हा तिचा मागचा मडगार्ड नव्हता. पण पंचनाम्यात त्याचा उल्लेखच नसल्यामुळे तो हरवलाही नव्हता.

शुद्धीवर आल्यावर उमा एवढंच म्हणाली होती, "बाबा, मागून काहीतरी आदळलं." जुनी कागदपत्रं कशी वाचावीत हे पस्तीस वर्षं शिकवलेल्या केशवरावांनी तिच्यापुढे तो कागद धरला होता. "यात तसं नाही." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पुढे तिनं कुठलाच विषय काढला नाही. बापलेकींत आता चहाचा कप तेवढा हलत असे.

कमरोद्दीननं दोन्ही मडगार्ड फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. एक पुण्याकडच्या कारखान्याचा, एक दिल्लीकडचा. वीत टाकून त्यानं दोन्हींची भोकं मापली. मग तीच वीत त्यानं चेसीवर टाकली.

"घासून भोकं मोठी करा की," केशवराव म्हणाले. "बसल्याशी मतलब."

"भोक मोठं करायला काय अक्कल लागती, सर? तेवढं तर तुमच्या कॉलेजातबी जमंल." तो हसला नाही. "हे बघा. दोन कारखाने. एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलेलं नाय. अन् दोघं चुकले, ते एकाच जागी, एकाच मापानं. असं व्हतं का कधी?"

केशवरावांच्या हातातला कप थांबला. हे वाक्य त्यांचंच होतं. एकमेकींना न पाहिलेल्या दोन नकला एकाच ठिकाणी चुकल्या, तर चूक नकलांत शोधू नये. पस्तीस वर्षं दर जूनमध्ये त्यांनी हे फळ्यावर लिहिलं होतं.

"नकला सरळ हायेत, सर," कमरोद्दीन म्हणाला. "अस्सल वाकलंय."

त्यानं हॅन्डलपासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणली. आधी डावीकडून, मग उजवीकडून. घासलेटच्या फडक्यानं सीटखालच्या दोन्ही नळ्यांवरचा मळ पुसला. केशवराव नकळत गुडघ्यांवर आले. दोन्ही नळ्या एकाच उंचीवर पुढं दबल्या होत्या. वाकल्या जागी पोटाकडून रंग बारीक सुरकुतला होता. पाठीवर तडकला होता. केशवरावांनी त्या तड्यावरून बोट फिरवलं. झिजलेल्या शिळेवरचं अक्षर अंधारात बोटाला लागावं, तसं ते लागलं.

"घसरलेली गाडी कडंनं खरवडती. एक नळी वाकंल," कमरोद्दीन खालच्या आवाजात म्हणाला. "दोन्ही सारख्या वाकायला मागून दणका लागतो, सरळ. अन् हितं लागलाय, मांडीइतका वर. म्हणजे धडकणारी गाडी उंच. ट्रक म्हणा, टिप्पर म्हणा. अजून एक सांगू? पोरगी जोरात नव्हती. जोरात पळणाऱ्या गाडीला मागून एवढा मार बसत नसतो. तिनं वळणावर गाडी हळू केलती. चांगली चालवत व्हती, सर."

रस्त्यावर हातगाड्यांचा गलका चालू होता. केशवरावांना तो ऐकू येत नव्हता. शिलालेख त्यांनी पुष्कळ वाचले होते. हे वाचन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ना भिंग, ना ठसा, ना संदर्भग्रंथ. एक फडकं आणि हातभर सुतळी. पंचनामा लिहिणाऱ्याविषयी त्यांच्या मनात जे थंडगार उसळलं, ते तितक्याच शांतपणे मागं फिरून त्यांच्यावरच आलं. त्या माणसानं गाडी नीट पाहिली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. केशवरावांच्या तर ती दीड वर्ष दारात उभी होती. आणि जिनं हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं, ती घरात.

"मग घासू का भोकं?" कमरोद्दीननं विचारलं. "गिऱ्हाईक यील तुमचं."

"नको. हात लावू नका तिला. हे सगळं लिहून द्याल?"

कमरोद्दीन ओशाळला. "मला लिहितावाचता नाय येत, सर."

"वाचता येतं, उस्ताद," केशवराव म्हणाले. "लिहायचं मी बघतो."

त्यांनी फाइल उघडली. कुठल्याही दस्तऐवजावर शाईचा ठिपकाही पडू देऊ नये, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना बजावलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, सही-शिक्क्याच्या कागदावरच्या 'निरंक'वर आडवी रेघ ओढली आणि साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं : उमा.