स्टेपनीची सही

“सात सामने!” लॉयड ब्रँटने टेबलावर हात आपटला. “सात सामने खेळलेल्याच्या हाती चार वर्षं संघ द्यायचा? स्टेपनी लावून गाडी घरापर्यंत आणतात, कॅथरिन. देश फिरायला निघत नाही कुणी.”

हे तो एमेट साबोच्या देखतच बोलत होता. एमेट समोरच्या खुर्चीत बसला होता. येताना गाडीत त्याने एकच वाक्य चारचारदा घोकलं होतं. ‘ठेवा तुमचा संघ तुमच्यापाशीच.’ ते ब्रँटच्या तोंडावर फेकायचं आणि चालू लागायचं, एवढ्यासाठीच तो आला होता.

तीन वर्षांपूर्वी टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाने त्याला राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव चालवणारा खेळाडू, म्हणून घेतलं. पहिला क्वार्टरबॅक धडधाकट असेपर्यंत राखीव माणसाने बाकावर बसायचं, दुसरं काही नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचे वडील सराव बघायला आले. ते बस चालवायचे. रजा काढून आले होते, डोक्यावर संघाची नवीकोरी टोपी होती. संघाचा मॅनेजर म्हणून ब्रँट पुढे आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमचा मुलगा म्हणजे आमची स्टेपनी. डिकीतून काढायची वेळ आली नाही तर बरंच, काय?”

सगळे हसले. वडीलही हसले. टोपी काढून हातात घेतली आणि हसले.

ते हसणं एमेट विसरला नाही. गेल्या वर्षी वडील वारले. मुलाला मैदानात उतरलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

नोव्हेंबरात पहिल्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. एमेट उतरला आणि सातपैकी पाच सामने त्याने जिंकून दिले. तेव्हापासून गावात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या पायऱ्यांवर, रेडिओवर, जिथे तिथे तेच. कुणी म्हणे, पोरगं सोनं आहे. कुणी म्हणे, अहो, अजून कुणी त्याला ओळखलेलं नाही म्हणून चाललंय, पुढच्या वर्षी बघा कसा सोलून काढतात ते. एमेटच्या कानावर सगळं यायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. तिथे ब्रँट ठाण मांडून बसला होता. एमेटचा करार संपत आला होता आणि ऑस्टिनच्या संघाचं बोलावणं आलं होतं. त्याच्या बायकोची, टेसची, सख्खी बहीण तिथे राहायची. टेसने खोकी भरायलाही घेतली होती.

“तू बोल ना काहीतरी,” मालकीण कॅथरिन ओव्हरमायर एमेटला म्हणाली. बाई सत्तरीच्या पुढची होती, पण आवाज खणखणीत. “कागद तुझ्यासमोर आहेत. मी ठरवलंय. लॉयडला पटत नाही, तो त्याचा प्रश्न.”

“तो कशाला बोलेल?” ब्रँट म्हणाला. “त्याला ठाऊक आहे, लोक टाळ्या वाजवतायत ते नशिबाला. जा बाबा ऑस्टिनला. तिथे ऊन चांगलं असतं. बाकावर बसायला बरं.”

एमेट उठला. वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्याचं लक्ष ब्रँटच्या हाताकडे गेलं. बोलता बोलता ब्रँटने कराराचे कागद हळूच स्वतःकडे ओढले होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं हा माणूस सहज, हसत हसत टोमणे मारायचा. आज तो घाम गाळून मारत होता.

एमेट पुन्हा खाली बसला.

“मी सही केली तर तुमचं काय होईल, मिस्टर ब्रँट?”

कॅथरिनने चष्मा काढला.

“त्याचा राजीनामा माझ्या पर्समध्ये आहे,” ती म्हणाली. “तू सही केलीस की त्या मिनिटापासून लागू. त्यानेच घातलीय ती अट. एक तर मी, नाहीतर हा, म्हणाला.”

एमेटने हात पुढे केला. ब्रँटच्या बोटांखालून कागद ओढून घेतले. न वाचता शेवटचं पान काढलं आणि सही केली. पेन टोपण लावून ब्रँटसमोर ठेवलं.

“आता स्टेपनी बाहेर काढा,” तो म्हणाला, “आणि तुम्ही डिकीत बसा.”

ब्रँटने उठून कोट अंगात घातला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

“तुझा राग खरा आहे रे. पण तुझ्याकडे अजून तेवढंच आहे,” तो म्हणाला. “संघ चालवणं वेगळं. तुला नाही जमायचं.”

आणि तो गेला. एमेट खिडकीपाशी आला. खाली ब्रँट एकटाच गाडीपर्यंत चालत गेला, वर न बघता गाडीत बसला आणि फाटकातून बाहेर पडला. एमेटची छाती भरून आली. हा क्षण त्याने तीन वर्षं उराशी बाळगला होता. तो मनासारखा, अगदी मनासारखा झाला होता.

फोन वाजला. टेस होती.

“बोललास त्याच्या तोंडावर?”

“हो.”

“चेहरा कसा झाला होता मेल्याचा?”

“पडला होता. गेला तो, टेस. कायमचा गेला.”

“छान झालं!” ती खळखळून हसली. “मग ये लवकर घरी. स्वयंपाकघराची खोकी बांधून झाली, आता फक्त तुझे बूट राहिलेत.”

एमेटने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. सूड दहा मिनिटांत उरकला होता. करार चार वर्षांचा होता.