जावा

तिसऱ्यांदा फोन थरथरला तेव्हा उपनिरीक्षक मनस्वीनं तो उचलला.

समोर सखू बसली होती, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकणारी. तिची धाकटी जाऊ चिमा काल सकाळी धक्क्याखाली मेलेली सापडली होती. पाय घसरला असणार, असं सगळे म्हणत होते. सखूच्या मनगटावर मात्र ताजे ओरखडे होते. मनस्वीची ही खुनाची पहिलीच केस. दोन तास झाले, सखूनं तोंड उघडलं नव्हतं.

"आरोहीचा ताप उतरला गं," फोनवर मनस्वीच्या थोरल्या जाऊबाई होत्या. "पेजही प्यायली."

"द्या ना तिला, वहिनी."

पलीकडून लेकीचा रडवा आवाज आला. "नको! मला काकूजवळच झोपायचंय."

मी पोचेपर्यंत ताप राहिला असता तर, असं मनस्वीच्या मनात येऊन गेलं, आणि ती स्वतःलाच घाबरली. तिनं फोन ठेवला.

सखू तिच्याकडेच बघत होती. "पोर जावेकडं असते?"

काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं मनस्वीला वाटलं. पण ती म्हणाली, "हो. आणि आत्ता मला जावेचा राग आला. तिनं पेज भरवली म्हणून."

सखूचा चेहराच बदलला.

"मी पहाटेची बंदरावर. माझ्या हर्षदला चिमाच न्हाऊमाखू घालायची. तिला पोर नव्हतं. परवा बालवाडीत बाईंनी विचारलं, तुझी आई कोण? त्यानं चिमाकडं बोट केलं. मी तिथंच उभी. ती हसली, मॅडम."

"मग?"

"काल धक्क्यावर तिला इचारलं, का हसलीस? ती परत हसली. मी ढकललं."

कोपऱ्यात लिहीत बसलेल्या हवालदार विठूचं पेन थांबलं.

"कालपासून पोरगा काकी कुठाय, काकी कुठाय करतोय," सखू म्हणाली. "माझ्या हातचं खात नाय."

सखूला बाहेर नेल्यावर मनस्वीनं घरी फोन लावला.

"काय गं, काही सांगायचं राहिलं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही." मनस्वीनं समोरची फाइल मिटली. "वहिनी... तुम्ही जेवलात का?"