सातशे अंशांपर्यंत

बाणगंगेच्या पायरीवर वसंतरावांचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कठड्यावर कावळे बसले होते. एकही खाली येत नव्हता.

"बोला," गुरुजी म्हणाले. "त्यांची काही इच्छा राहिली असेल."

वसंतरावांच्या मुलीने, रुचाने, हात जोडले. "बाबा, आईला मी सांभाळीन. फणसवाडीची जागा विकणार नाही."

कावळे जागचे हलले नाहीत.

"पापलेट ठेवायला हवं होतं," गंगाधरकाका पुटपुटले. "आमचा दादा नुसत्या भाताला फसणारा नव्हे."

मग काकांचं लक्ष मागे उभ्या असलेल्या प्रितीकडे गेलं. ती वसंतरावांची शेवटची विद्यार्थिनी. उष्णतेपासून वीज करणाऱ्या मिश्रधातूंवर दोघं काम करत. "तू बोल गं," काका म्हणाले.

प्रिती संकोचली. पुढे आली आणि समोर माणूस बसलाय असं समजून बोलू लागली.

"सर, अणू विस्कटलेली ती चकती मी टाकून देणार नाही. तुम्ही म्हणालात तशी सातशे अंशांपर्यंत तापवीन. तापल्यावर अणू आणखी जागा सोडतील, वीज थोडी अडेल. पण उष्णता जास्त अडेल, हे तुमचं म्हणणं. मला पटलेलं नाही अजून. मोजून सांगते. आणि तोवर अणूंना ओळीत बसवायला जाणार नाही. प्रॉमिस."

रुचा ऐकत होती. दारातली चप्पल वाकडी असली तरी बाबा तिला जिन्यातून परत बोलावत. त्याच बाबांना काहीतरी विस्कटलेलं आवडत होतं. कुणीतरी त्यांना 'पटलेलं नाही' म्हणत होतं, आणि ते ऐकून घेत होते.

पंख फडफडले. एक कावळा पायरीवर उतरला. दोन उड्या मारून पिंडाशी आला, मान तिरकी करून पाहू लागला.

"आला!" काका कुजबुजले. "बघ, पोरीने बरोबर ओळखलं."

कावळ्याने चोच खाली नेली.

"हुश!"

सगळे दचकले. कावळा उडाला होता. रुचाचा हात अजून वरच होता.

"अगं, काय केलंस हे?" काका म्हणाले.

"माझं बोलून झालं नव्हतं," रुचा म्हणाली. तिने पुन्हा हात जोडले. प्रिती दोन पावलं मागे सरली.

सगळे थांबले. रुचाला एकही वाक्य सुचेना.