आ करा

विमानतळाच्या रस्त्यावर गाडी मुलगी चालवत होती आणि वैमानिक जावई कडक गणवेशात, टोपी मांडीवर घेऊन, मागे बसला होता. पुढे बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही. "जावईबापू, तुम्ही कधीच कसे हो चालवत नाही?"

"त्यांचं लायसन्स जप्त झालंय, आई," मुलगी म्हणाली. "पिऊन दुभाजक उडवला."

"ते गाडीचं," जावयाने खुलासा केला. "विमानाचं शाबूत आहे. कंपनीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"म्हणजे आज मला उडवणार," सासूबाई पुटपुटल्या. धाकटीकडे जायला त्यांनी हौसेने जावयाचंच विमान निवडलं होतं.

विमानाच्या दारात जावई स्वागताला उभा होता. सासूबाईंनी पर्समध्ये हात घातला आणि लाडाने म्हणाल्या, "आ करा बघू." मागच्या रांगेला गहिवरून आलं. जावयाने डोळे मिटून आ केला. सासूबाईंनी टाचा उंचावल्या, त्याच्या तोंडाशी नाक नेलं, दोनदा नीट हुंगलं, पर्स मिटली आणि रांगेकडे वळून म्हणाल्या,

"चला हो, बसून घ्या सगळे. आज चालेल."