प्रोजेक्टसाठी लागणारं कार्ड

आबांनी कॉम्प्युटर खताच्या पोत्यात गुंडाळून आणला होता.

राजारामपुरीतल्या त्या दुकानात शिरताना पृथ्वीराज मुद्दाम चार पावलं मागं राहिला. भुरभुर पाऊस होता, कॉम्प्युटरचा डबा भिजू नये म्हणून पोतं, हे त्याला कळत होतं. पण पोत्यावर युरियाचं नाव हिरव्या ठळक अक्षरांत होतं आणि आबांनी ते काखेत धरलं होतं.

"मालक, ह्येला कार्ड बसवायचंय," आबा दारातूनच ओरडले. "पोराच्या प्रोजेक्टाला लागतंय म्हनं."

दुकानदार शिवानंदनं चष्मा वर सरकवला. "या की पावणं. बसा."

पृथ्वीराजनं डोळ्यांनीच त्याला खूण केली. आदल्या दिवशी येऊन त्यानं सगळं पढवून ठेवलं होतं. उद्या वडील येतील, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला ग्राफिक्स कार्ड लागतंच, एवढं म्हणा. शिवानंद मान वर न करता "म्हणू की" म्हणाला होता.

खरं म्हणजे कॉलेजशी त्याचा संबंध जूनमध्येच संपला होता. हजेरी नव्हती, परीक्षेला बसला नव्हता. नाव कमी झालं. तेव्हापासून तो रूमवर दिवसभर गेम खेळायचा. नवे गेम त्या छोट्या डब्यावर अडखळत चालायचे, म्हणून कार्ड. हे आबांना कळलं तर त्याच दिवशी गाशा गुंडाळून शिरोळला जावं लागणार होतं, आणि शिरोळला कायमचं राहण्यापेक्षा वाईट काही त्याला सुचत नव्हतं.

पण आबांना कळणार कसं? सातवी शिकलेला माणूस. त्यांना मॉनिटर म्हणजेच कॉम्प्युटर वाटायचा.

शिवानंदनं डब्याचं झाकण काढलं. पृथ्वीराजनं शोकेसमधल्या मोठ्या कार्डावर बोट ठेवलं. "हे द्या."

"बसायचं न्हाई," शिवानंद म्हणाला. "लांब हाय. हार्ड डिस्कला थटतंय. आनी तुझी एसएमपीएस, वीज पुरवनारी पेटी, अडीचशे वॅटची. तिला झेपायचं न्हाई." त्यानं दोन छोटे खोके पुढं ठेवले. "ह्या डब्याला अर्ध्या उंचीचंच कार्ड. एक बिनफॅनचं, एक फॅनवालं."

आबांनी एक कार्ड उचललं, उलटं केलं, नखानं टिचकी मारली. कलिंगड तपासावं तशी. पृथ्वीराजनं रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"बिनफॅनचं बरं न्हवं का?" आबा म्हणाले. " मोडायला काय न्हाईच."

"गप असतंय. पण एवढ्याशा डब्यात तापतंय लई."

"रोज चौदा तास चाललं तर?"

"मग फॅनवालंच घ्या."

"चौदा तास कोण चालवतंय, आबा?" पृथ्वीराज म्हणाला. "मोटर आहे का ही उसाला पाणी पाजायची?"

आबांनी तिकडं लक्षच दिलं नाही. "धुरळा बसला तर? वीज सारखी गेली-आली तर?"

"महिन्याला ब्रश मारायचा. विजेला यूपीएस लावायचा."

पृथ्वीराजला हसू आवरेना. म्हातारा बहुतेक कार्ड ट्रॅक्टरला बसवणार होता. घरी सगळ्याच वस्तूंची चौकशी अशीच व्हायची: धुरळा, वीज, किती तास. पंप काय, मिक्सर काय, सगळं एकच. या माणसाला काहीही सांगावं, त्यानं मान डोलवावी आणि खिशात हात घालावा. अशा बापाला फसवण्यात फसवल्याचं समाधानसुद्धा नव्हतं.

"आनी मालक," आबा म्हणाले, "गेम चालत्यात का ह्येच्यावर?"

पृथ्वीराजचं हसू थिजलं. त्यानं शिवानंदकडं पाहिलं.

"चालत्यात की," शिवानंद शांतपणे म्हणाला.

"म्हणजे प्रोजेक्टमध्ये तसलीच चित्रं असतात, आबा," पृथ्वीराज घाईनं म्हणाला. "थ्रीडी. त्याला हेच कार्ड लागतं. विचारा यांना."

"लागतंय," शिवानंद म्हणाला. "इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला लागतंच."

"असं व्हय?" आबांनी मान डोलवली. "लई शिकावं लागतंय बाबा पोरास्नी."

पृथ्वीराजनं सुस्कारा सोडला. इतकं सोपं होतं. त्याला आबांची क्षणभर कीवही आली आणि लगेच त्या किवेचा कंटाळा आला. आता कार्ड बसवायचं, त्यांना शिरोळच्या एसटीत घालायचं आणि संध्याकाळच्या आत रूम गाठायची.

आबांनी फॅनवाला खोका शिवानंदपुढं सरकवला.

"ह्येच ठरलं. दहा बांधा."

पृथ्वीराज मोठ्यानं हसला. हसता हसता शिवानंदकडं वळून म्हणाला, "बघा, हे असं आहे. आबा, एका कॉम्प्युटरला एकच कार्ड बसतं. दहा घेऊन काय वरंब्यावर लावणार?"

शिवानंद हसला नाही. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"जागा मिळाली का मग, बाळासो?" त्यानं आबांना नावानं विचारलं.

"मिळाली की. शिरोळच्या स्टँडासमोर, खालच्या मजल्यालाच. नऊ मशिनी परवाच लावल्या, ह्यो डबा दहावा. शाळा सुटली की पोरं दारात हुभी ऱ्हात्यात गेम खेळायला." आबांनी पोत्याची व्यवस्थित घडी घातली. "गल्ल्यावर कोन बसवायचा, तेवढीच काळजी हुती. जूनमधी कॉलेजात जाऊन आलो आनी ती बी मिटली."