रात्रभराचा लोड

बोटीवर विजेवर काय काय चालवायचं आहे, असं बॅटऱ्यांच्या दुकानदाराने विचारलं. म्हाताऱ्याने दाराशी ठेवलेल्या मशीनकडे हनुवटीने खूण केली.

"हे. आणि एक दिवा."

दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. गुडघ्याएवढं, चाकं लावलेलं मशीन होतं. हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं. म्हाताऱ्याच्या नाकात आत्ताही नळी होती, पण ती पिशवीतल्या छोट्या सिलिंडरची. पिशवी त्याच्या बायकोच्या खांद्याला होती, त्यामुळे भांडण झालं तरी दोघांना एकमेकांपासून हातभराच्या पलीकडे जाता येत नव्हतं.

भांडण झालंच होतं. म्हाताऱ्याने उमेदीची सगळी वर्षं फेरीबोट चालवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची केबिनवाली छोटी बोट घेतली. फुप्फुसांनी दगा दिल्यापासून ती धक्क्याला बांधून पडली होती. आता त्याला खाडीत नांगर टाकून एक रात्र काढायची होती. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की रात्री मशीन बंद पडता कामा नये. मुलगा फोनवरून नाही म्हणाला, सून नाही म्हणाली. बायको मात्र म्हणाली, दुकानात जाऊन विचारू तर खरं. तिचा हिशेब सरळ होता. असलं काही बोटीवर चालत नाही, हे दुकानदारच सांगेल. वाईटपणा त्याच्याकडे जाईल.

दुकानदाराने मशीनमागची पट्टी वाचली. इंजिन बंद असताना किती वेळ चालवणार, असं विचारलं.

"रात्रभर," म्हातारा म्हणाला.

"दोन तास," ती म्हणाली. "फेरी मारून परत."

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि कागदावर काहीच लिहिलं नाही. त्याऐवजी फळीवरचा एक हलका इन्व्हर्टर काढून बॅटरीला जोडला आणि मशीन त्यावर लावून पाहिलं. मशीन घरघरलं, मिक्सरमध्ये खडा अडकावा तसं, आणि त्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तिचा हात आपसूक नवऱ्याच्या पाठीवर गेला. दुकानदाराने लगेच बटण बंद केलं. याची वीज खडबडीत असते, म्हणाला, दिव्याला चालून जाते, मशीनला नाही चालायची.

सुटले, असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली.

पण दुकानदार आता खालच्या कप्प्यातून दुसरा इन्व्हर्टर ओढत होता. हा चांगलाच जड होता. याची वीज घरच्यासारखीच, असं म्हणून त्याने मशीन त्यावर लावलं. एक सुस्कारा, मग हलकासा ठोका, परत सुस्कारा. ती वाकली आणि मशीनवर तळवा ठेवून उभी राहिली. हा आवाज थांबला तर ती गाढ झोपेतूनही उठत असे. बाहेर ट्रकचे भोंगे वाजत होते, तरी तिला तो ओळखू आला.

"घरी वाजतं तस्संच वाजतंय," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

मग चार्जरचं निघालं. म्हाताऱ्याला झटपट भरणारा हवा होता. बॅटऱ्या शिजतील, दुकानदार म्हणाला. त्यापेक्षा हा घ्या, सावकाश भरतो, खाऱ्या हवेने गंजत नाही, आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच्या विजेला लावून ठेवला की बॅटऱ्यांचं पोट भरल्यावर आपला आपण थांबतो. बॅटऱ्या चार लागतील. बाकाखाली दोन्ही अंगांना दोन-दोन ठेवू, म्हणजे बोट कलायची नाही, हे म्हाताऱ्यानेच सांगितलं. पाणी शिरलं तर, तिने विचारलं. तापलं तर? वायर सुटली तर? दुकानदार कंटाळला नाही. बॅटरी उतरायला लागली की आधीच अलार्म होतो, इंजिनाची बॅटरी वेगळी राहते, आणि सिलिंडर जवळ ठेवायचाच आहे. एकेक करत तिचे सगळे प्रश्न संपले. तिची खरी अडचण तीच झाली.

ती नवऱ्याकडे वळली.

"तिथे जाऊन रात्रभर करणार काय आहात तुम्ही?"

"झोपणार." दम घ्यायला तो थांबला. "घरी मी नुसता पडून असतो गं."

ते तिला ठाऊक होतं. शेजारी तीही तशीच पडून असायची, दोघंही एकमेकांना कळू न देता.

अलार्म झालाच तर उठवायला कोण असेल, असं दुकानदाराने विचारलं. म्हातारा म्हणाला, कोणी नाही. अलार्मला मी उठेन. हिला तर धक्क्यावर उभं राहूनच मळमळतं. यात खोटं काही नव्हतं. बोट घेतल्यापासून तिने एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं.

दुकानदाराने पेनाचं टोपण काढलं. "मग विजेचा लोड धरतो. मशीन आणि एक दिवा. बरोबर?"

"एक पंखाही धरा," ती म्हणाली. "मला पंख्याशिवाय झोप येत नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती खांद्यावरचा पिशवीचा पट्टा सारखा करत होती.

"टेबलफॅन धरू?" दुकानदाराने विचारलं.

"भिंतीवरचा धरा," म्हातारा म्हणाला. "टेबलावरचा लाटेने पडेल."